बसलिंगप्पांची वायर

आमच्या शेजारच्या बसलिंगप्पांचा वायरीवर जेवढा विश्वास आहे, तेवढा माझा माझ्या सख्ख्या भावावर नाही. ज्या वस्तूला वायर नाही ती वस्तू त्यांच्या लेखी लबाड. टीव्हीचा रिमोट ते हातात धरत नाहीत. उठतात, टीव्हीच्या मागे हात घालून बटण चाचपतात आणि परत येऊन बसतात. मी दाराला बिनवायरीची बेल बसवली, तर तिच्याकडे एक नजर टाकून ते कडी वाजवतात. वर मलाच समजावतात, "बाई, वायर कदी खोटं बोलत न्हाय. तुटली तर तुटली म्हनून सांगते. हवेतनं येनाऱ्याचा काय भरवसा?"

अप्पांची सगळी नोकरी होटगीला गेली, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. रुळाकाठची लोखंडी पेटी उघडायची, शंभर वायरींतून बिघडलेली एक शोधायची आणि जोडायची. ती जोडली की गाडी सुटणार. त्यामुळे हे जग वायरींवर चालतं असं त्यांचं ठाम मत आहे आणि माणसंही ते त्याच मापानं मोजतात. त्यांच्याकडे माणसाचे प्रकार दोनच, अर्थिंग असलेला आणि अर्थिंग नसलेला. चिडका माणूस म्हणजे अर्थिंग नसलेला, हात लावला की झटका. मी शाळेत गणित शिकवते, आणि माझा आवाज तिसऱ्या वर्गापर्यंत जातो. माझा नंबर कुठल्या यादीत लागतो ते सांगायला नको.

त्यांच्या पत्नी गौरक्का. ठेंगण्या, हसऱ्या, मांडीवर कायम शेंगांचं सूप. अंगणात बसून शेंगा फोडायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हसून दाद द्यायची. दोन वर्षांपासून त्यांचे कान गेले होते. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, फक्त त्यांनाच मान्य नव्हतं. मुलानं पुण्याहून कानात घालायचं मशीन आणलं. तिसऱ्या दिवशी "ब्याड री, नको मला, डोक्यात भुंगा फिरतोय" म्हणून त्यांनी ते डब्यात टाकलं आणि डबा कपाटात. तेव्हापासून कुणीही काहीही विचारो, उत्तर एकच, "व्हय की!" मी एकदा कुंपणावरून विचारलं, "गौरक्का, नळाला पाणी आलं का?" "व्हय की!" दोन घागरी, एक हंडा घेऊन धावले, तर नळ ठणठणीत कोरडा.

आता मूळ गोष्टीवर येते. एका सोमवारी सकाळी कडी वाजली. दारात अप्पा, हातात मोबाईल.

"बाई, ह्यो मोबाईल माज्या गाडीच्या टेपला जोडायचा हाय. रविवारी धाच्या आत."

अप्पांची गाडी म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वीचं पांढरं प्रकरण. तिच्यात कॅसेट घालायचा टेप, त्यालाच रेडिओ, आणि आवाज कमी-जास्त करायला दोन बोटांत मावेल असा गोल खटका. रविवारी दहा म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पुण्याहून नात चिन्नूचा फोन यायची ती वेळ.

"अहो, गाडीत बसून फोन कशाला? घरात काय पंखा बंद पडलाय?"

"गाडीतच पायजे."

"मग माझ्याकडचा छोटा स्पीकर घेऊन जा. टेबलावर ठेवला की झालं."

"वायर हाय त्याला?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की."

डोकं तापलं माझं! पण संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर सात रस्त्याला गाडीच्या टेपांच्या दुकानात गेले, कारण एकटे गेले असते तर दुकानदाराशी तत्त्वज्ञानावर भांडून परत आले असते. दुकानदार तरुण आणि गोड बोलणारा. त्यानं गाडीत डोकं घातलं, टेप बघितला आणि देवळात हात जोडावेत तसे हात जोडले.

"काका, हे काढून टाकू. टच स्क्रीन बसवतो. नकाशा दिसेल, गाणी दिसतील, मागचा रस्ता दिसेल."

"मागचा रस्ता बगायला मान हाय मला. टेप काडायचा न्हाय. स्पीकरलाबी हात लावायचा न्हाय."

मग त्यानं सिगारेट पेटवायच्या भोकात बसणारं एक बोटभर यंत्र दिलं. फोनचं बोलणं ते रेडिओवर पाठवणार, बिनवायरीचं. अप्पांनी तोंड कडू करून ते लावलं. पाच मिनिटं छान चाललं. आम्ही घराकडे वळलो आणि चाचणीसाठी लावलेल्या माझ्या फोनमधल्या बोलण्यात रेडिओवरची बाई घुसली. मग एक कीर्तनकार घुसले. मग नुसती खरखर. अप्पांनी गाडी बाजूला घेतली, यंत्र उपटलं आणि माझ्या हातात ठेवलं. "बगा. परक्याच्या घरात कोन बी घुसतंय. वायर न्हाय, दार न्हाय!"

खरं तर मुलानं त्यांना नवा फोनही पाठवला होता. तो त्यांनी दोन दिवसांत परत केला, कारण? "भोकच न्हाय त्याला! वायर घालायची कुटं?"

मंगळवारपासून त्यांच्या अंगणात कारखाना सुरू झाला. त्यांनी दोन मेलेले टेपरेकॉर्डर फोडले. मुलानं शाळेत असताना घेतलेली इंग्रजी संभाषणाची कॅसेट शोधली. "त्यानं काय ऐकली न्हाय, कोरी करकरीत हाय," म्हणाले. कॅसेटच्या पोटातली फीत काढून टाकली. टेपरेकॉर्डरमधला आवाज वाचणारा चिमुकला तुकडा कॅसेटच्या तोंडाशी बसवला, त्याला वायर जोडली आणि वायरीचं दुसरं टोक फोनच्या भोकात. टेपला वाटणार कॅसेट वाजतेय, आणि वाजणार फोन! मला गणित कळलं आणि मी मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. तोंडावर दिले नाहीत, माणूस आधीच तोऱ्यात होता.

शनिवारी दुपारी कॅसेट तयार झाली. अप्पांनी ती टेपात सरकवली. खट्! टेपनं ती बाहेर फेकली. पुन्हा घातली. खट्! पुन्हा. खट्! सातव्यांदा अप्पांनी ती मांडीवर ठेवून दिली. मी त्यांना असं हरलेलं कधी बघितलं नव्हतं. शेजारी अंगणात गौरक्का शेंगा फोडत हसत होत्या.

"अप्पा, एवढं काय त्यात? पुढच्या रविवारी बघू."

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "दोन वर्सं झाली, ती माज्यासंगं भांडली न्हाय."

मला काही कळेना.

"चाळीस वर्सं रोज भांडली की ओ. भाजीवरनं, भावावरनं, माज्या चपलांवरनं. आता काय बी बोललं तर 'व्हय की'. मी म्हनलो, आज जेवत न्हाय, 'व्हय की'. म्हनलो, तुजा भाऊ चोर हाय, 'व्हय की'! घरात मी एकटाच बोलतोय. भिंतीसंगं बोलल्यागत."

"पण त्याचा गाडीशी काय संबंध?"

"मागल्या म्हैन्यात अक्कलकोटला निगालो हुतो. काचा बंद, रेडिओ मोटा. रेडिओवर एक बाई पुरनपोळी सांगत हुती. आन् ही एकदम म्हनली, 'येवडा गूळ कुटं घालत्यात?'" अप्पांनी मान वर केली. "ऐकलं तिनं, बाई! ह्या टेपात, ह्या स्पीकरात, बंद काचंत तिला ऐकू येतंय. म्हनून ह्ये बदलायचं न्हाय. चिन्नूचा आवाज ह्यातनं आला पायजे. ती पोरगी दर रविवारी विचारते, अज्जी माज्यासंगं नीट का बोलत न्हाय?"

मी आठवडाभर या माणसाला मनातल्या मनात हेकट म्हणत होते. लाज वाटली मला, अगदी खरं सांगते.

मी ती कॅसेट हातात घेतली आणि पेपर तपासावा तशी तपासली. दोन्ही चाकांच्या जागा मोकळ्या होत्या. "अप्पा, यातली चाकं कुठायत?"

"काडली. फीतच न्हाय तर चाकं कशाला?"

"अहो, टेप बघतोय चाक फिरतंय का. फिरलं नाही की त्याला वाटतं कॅसेट संपली. म्हणून बाहेर फेकतोय!"

अप्पांनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस चाकं विसरला होता! पण नुसती चाकं घालून भागेना. एक फिरलं की दुसरंही फिरायला हवं. मी घरात धावले, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचं रबर काढून आणलं. अप्पांनी ते दोन्ही चाकांवरून ओढून घेतलं. कॅसेट आत गेली आणि आतच राहिली.

"बाई, तुमाला अर्थिंग हाय," अप्पा म्हणाले. एवढं मोठं सर्टिफिकेट मला शाळेनंही कधी दिलेलं नाही.

रविवारी पावणेदहाला गाडी लिंबाखाली उभी. गौरक्का पुढच्या सीटवर, हातात शेंगांचं सूप, कुठं जायचंय ते माहीत नाही पण निघायची तयारी. मी मागे. काचा वर. घामानं अंघोळ झाली माझी. अप्पांनी आवाजाचा खटका पार शेवटापर्यंत फिरवून ठेवला होता. बरोबर दहाला फोन वाजला, आणि चारी स्पीकरांतून चिन्नूचा आवाज सगळ्या गाडीत भरला.

"अज्जीऽऽ! तू पाठवलेली शेंगाचटणी खूप तिखट होती. माझी जीभ जळाली!"

गौरक्का हसत समोर बघत राहिल्या. अप्पा मान वळवून त्यांच्या ओठांकडे बघत होते. आता 'व्हय की' येणार, मी मनाची तयारी केली.

"न्हाय!" गौरक्का म्हणाल्या.

शेंगांचं सूप मांडीवरून खाली गेलं. "न्हाय गं बाळा, तिकट कुटं? म्या दोनच मुटी मिरची घातली हुती. तुज्या आईनं दह्यात कालवून दिली न्हाय, काय?"

पलीकडून किंचाळी. "अज्जी बोलली! आई, अज्जी बोलली!"

मग जे सुरू झालं ते विचारू नका. दात पडला, वरचा का खालचा, मैत्रिणीशी कट्टी, का केली, सुट्टीत येणार, कधी येणार. गौरक्का प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. दोन वर्षांचं साठलेलं एका दमात. मी ओढणीनं घाम पुसत होते, आणि घामाबरोबर जे आलं तेही पुसत होते.

अर्ध्या तासानं फोन संपला. गौरक्का अप्पांकडे वळल्या. चेहरा लालबुंद.

"आन् येवडा मोटा आवाज कशाला ओ? मी काय बहिरी हाय? आन् ह्या शेंगा कोन भरनार? आन् गाडीत त्या घाणेरड्या चपला घालून बसलायसा!"

"व्हय की," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "कमी करतो, कमी करतो."

त्यांनी हात पुढे केला, खटक्यावर ठेवला, आणि तो तसूभरही न फिरवता तसाच धरून बसले.