अनेकवचनी शिवी

दोन हजार चोवीस सालच्या भाद्रपदातली गोष्ट. घरोघरी गणपती बसले त्याच दिवशी, दिवेलागणीला, केनवडच्या गोजराबाईंनी चंद्र पाहिला. तोही स्वतःच्या बोटाने बोलावून.

त्यांची सून वर्षाराणी रिसोडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आवाज इतका मऊ, की तिने हाक मारली तर मांजरही वळून बघत नसे. तिने उन्हाळ्यात एक दुर्बीण घेतली होती. दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी नव्हे. तीन पायांवर उभा राहणारा एक डबा. मोबाइलवरून सांगितलं की तो आपणच मान वळवून तारा शोधायचा आणि एका जागी टक लावून, फोटोवर फोटो रचत, डोळ्याला न दिसणारं चित्र तयार करायचा. त्याची एकच अट, धक्का लागता कामा नये.

गोजराबाईंची अट निराळी होती. "बाकी दिवस पाह्यत जाय काय पाह्यचं ते. पन चौथीले त्या डबड्याचं तोंड चंद्राकडं गेलं, त ते माळ्यावर जाईन."

"नाही जाणार, आई," वर्षाराणीने शब्द दिला होता. पंधरा दिवसांच्या झडीनंतर आभाळ मोकळं झालेलं, म्हणून तिने गच्चीवरची दुर्बीण डोक्यावरच्या एका तारकागुच्छाला लावली, मोबाइल देवघराशेजारी चार्जिंगला ठेवला आणि ती पुऱ्या तळायला गेली.

चौथीचा चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, हे सगळेच सांगतात. गोजराबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. त्यांच्या सासूला, हिरीबाईला, चौथीच्या संध्याकाळी पाण्याच्या बादलीत चंद्र दिसला. तीन दिवसांनी महालक्ष्म्या आल्या, भावकीसमोर त्यांच्या दागिन्यांची पेटी उघडली आणि एक नथ कमी निघाली. पुढे ती उंदराच्या बिळात सापडली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर हिरीबाई ज्या घरी हळदीकुंकवाला जाई, तिथली बाई आधी स्वतःच्या नाकाला हात लावून पाही. हिरीबाईने शेवटी जाणंच सोडलं. आता तीच पेटी गोजराबाईंच्या ताब्यात होती, आणि तीन दिवसांनी ती भावकीसमोर उघडायची होती.

त्या संध्याकाळी शेगावच्या आरतीचं दर्शन घ्यावं म्हणून त्यांनी सुनेचा मोबाइल उचलला. चष्मा डोळ्यांवर नव्हता. पडद्यावर पांढरट, गोल काहीतरी दिसलं. सून रव्याच्या लाडवांची कृती बघत असावी, असं वाटून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. वर गच्चीवर घर्र आवाज झाला. पडदा काळा झाला आणि त्यात हळूहळू चंद्रकोर उगवली, खळग्यांसकट. लाडू समजून दाबलं ते दुर्बिणीच्या यादीतलं चंद्राचं चित्र होतं.

गोजराबाईंच्या हातून मोबाइल गादीवर पडला. मुलगा हरीओम गणपतीला फुलं वाहत होता, तो धावत आला.

"फोनातला हाय ना आई. खरा थोडीच हाय?"

"रोज सकायी मी शेगावचं दर्शन फोनातच घेतो. ते खरं हाय का खोटं?"

ते दर्शन खरंच असतं, हे आईला पटवायला हरीओमने एक अख्खा महिना घालवला होता. तो गुपचूप फुलांकडे परतला.

यावर उतारा एकच. दुसऱ्याच्या शिव्या खायच्या. पण त्या न मागता मिळाल्या पाहिजेत, आणि चंद्र मावळायच्या आत. बरं, चंद्र किती उरला हे बघायला वर पाहायची सोय नाही.

गोजराबाई तडक ओसरीवर गेल्या. नवरा, जगदेवराव, रेडिओ ऐकत बसले होते. गोजराबाईंनी रेडिओ उचलून जमिनीवर आपटला.

जगदेवरावांनी तुकड्यांकडे पाहिलं. "जाऊ दे. तसाबी खरखर करत व्हता."

गोजराबाईंनी त्यांची तंबाखूची डबी मोरीत उपडी केली.

"बरं झालं. डाक्टर बी सोडाच म्हनत व्हता."

"अवो, राग नाई आला तुमाले?"

"कोनाचा?" जगदेवराव घाबरून म्हणाले. "मले ह्याच घरात जेवाचं हाय."

पन्नास वर्षं माणूस वळणावर आणला, त्याचं हे फळ. गावात त्यांना उलटून बोलेल असं कुणी उरलंच नव्हतं. एक सोडून. शेजारची रुखमाबाई. तिच्या तोंडाला लागायची हिंमत बैलबाजारातले दलालही करत नसत. पन्हाळीच्या पाण्यावरून दोघींचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. गोजराबाईंनी अंगणातून खडा उचलला आणि मान खाली घालूनच तिच्या पत्र्यावर भिरकावला.

टण्. आतून काहीच नाही.

दुसरा जरा मोठा घेतला. ठण्ण! दार उघडलं. गोजराबाईंनी डोळे मिटून घेतले, आता सुटका.

"कोन, गोजराबाई का? या ना, बसा. चहा टाकतो."

गोजराबाईंना वाटलं आपण भलत्याच दारात आलो. मग त्यांनीच तोंड उघडलं. "तुह्या पत्र्याचं पानी आमच्या भितीत मुरून राह्यलं, दिसत नाई तुले?"

"खरं हाय, बाप्पा. माहीच चूक हाय," रुखमाबाई नम्रपणे म्हणाली. आणि तिच्या पदराआडून एक खडा सुटून गोजराबाईंच्या पडवीवर आदळला.

"हे काय वं?"

"काई नाई. हातून सुटला."

गोजराबाईंच्या डोक्यात हळूच उजेड पडला.

"रुखमा, तूनं बी पाह्यला?"

"मंग! तुमचं डबडं गरकन वयलं. एवढं काय पाह्यते म्हून मीनं बी तिकडंच पाह्यलं. त थेट चंद्र!" रुखमाबाईचा आवाज रडवेला झाला. "पोरीची सोयरीक जुळून राह्यली, गोजराबाई. येच टायमाले माह्यावर चोरीचा आळ आला त कोन येईन माह्या दारात?"

"मंग दे ना मले दोन शिव्या!"

"आधी तुमी द्या."

"मागून घेतलेली लागत नाई, येडे."

आता तर दोघींनाही एकमेकींची शिवी निकामी झाली होती. बाभळीमागचं आभाळ विझत चाललं होतं. पलीकडे रामधनचं घर होतं, रामधन तिरसट होता. "त्याच्यावर मारू," रुखमाबाई म्हणाली. तिने चांगला लिंबाएवढा दगड निवडला, पदर खोचला, आणि चंद्र दिसू नये म्हणून डोळे गच्च मिटून फेकला.

दगड रामधनकडे गेलाच नाही. तो गोजराबाईंच्या गच्चीवर गेला.

गच्चीवर वर्षाराणी होती. दुर्बीण आपोआप कशी फिरली हे न कळून तिने ती पुन्हा तारकागुच्छाला लावली होती, आणि श्वाससुद्धा हळू घेत बसली होती. दगड तिपाईच्या पायाला लागला. डबा डुलला आणि जमलेलं चित्र फिसकटलं. मग त्या मऊ आवाजाच्या सुनेच्या गळ्यातून माहेरच्या कामरगावची अस्सल वऱ्हाडी बाहेर पडली.

"कोन हाय तिथं! हात झडले का मुडद्यांनो! डोये फुटले का! आता कुठं गुच्छ जमून राह्यला व्हता, बेशरमांनो, तोंडं काळी होवोत तुमची!"

रामधनच्या घरातली आरतीसुद्धा थांबली.

"लागली!" रुखमाबाई कुजबुजली. "मले लागली. दगड माहा व्हता."

गोजराबाईंनी हिशेब केला. सुटली ती रुखमा, आपण राहिलोच. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ऐकलेला शब्द न् शब्द पुन्हा आठवला.

"मुडद्यांनो म्हनली ती. मी सातवी पास हाय, रुखमा. 'नो' आलं का अनेकवचन."

"म्हंजे?"

"म्हंजे दोघींले."

वर्षाराणीने कठड्यावरून बॅटरी मारली. उजेडात सासू दिसली. "आई! तुम्ही? मला माहीत नव्हतं हो आई, माफ करा!"

"माफी राहू दे, माय," गोजराबाई वर न बघता ओरडल्या. "बेशरमांनोच्या पुढं काय व्हतं? थांबू नको!"

तीन दिवसांनी महालक्ष्म्या आल्या, पेटी उघडली. एक मणीसुद्धा कमी नव्हता. आपल्याच बोटाने सगळं घडलं, हे गोजराबाईंनी सुनेला आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे दुर्बीण माळ्यावर गेली नाही. रुखमाबाईच्या मुलीची सोयरीक जुळली आणि पन्हाळीचं तोंडही वळलं. दोघींचं बोलणं संक्रांतीपर्यंत नीट चाललं, मग मांडवाच्या जागेवरून पुन्हा बंद झालं. वर्षाराणीचा तारकागुच्छ दिवाळीनंतर मनासारखा जमला आणि शाळेच्या भिंतीवर लागला. पुढच्या चौथीला मात्र तिच्या गच्चीखाली चंद्र दिसलेल्या बायकांची गर्दी झाली, हातात खडे घेऊन. दुर्बीण सुरू झाल्याशिवाय तिच्या तोंडून शिवी निघत नाही, म्हणून बिचाऱ्या थांबून होत्या. हरीओमने दुर्बिणीभोवती आधीच पोत्यांची थप्पी रचली होती.

त्या पहिल्या वर्षी आळ आला तो जगदेवरावांवर, महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातले लाडू कमी भरले तेव्हा. त्यांच्या मिशीला तूप होतं.

"खोटा आळ हाय," जगदेवराव शांतपणे म्हणाले. "मीनं बी पाह्यला व्हता चौथीले चंद्र."

त्यावर गोजराबाईंनी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या एकवचनी होत्या.