चोवीस सँडविच आणि एक ट्रे

अख्ख्या पनवेलमध्ये सँडविचचा ब्रेड घरी भाजणारी बाई एकच, आणि ती मी! ही बढाई नाही, नुसती माहिती आहे. आमच्या आळीत ब्रेड फक्त ताप आलेल्या माणसाला चहात बुडवून देत, त्या त्र्याण्णव सालातली गोष्ट. मी नवीन पनवेलला तीन शनिवार क्लासला गेले आणि ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घेऊन घरी परतले. रिक्षात तो मांडीवर असा धरला होता, की लोकांना वाटलं बाळंतीण चालली आहे!

म्हणूनच माझ्या नणंदेला, मितालीला, बघायला ठाण्याची मंडळी येणार असं कळल्यावर मी जाहीर करून टाकलं, "पोहे नाहीत! दुपारचा चहा आणि घरच्या ब्रेडची सँडविच!"

"पाहुणे आजारी आहेत का?" आमच्या ह्यांनी, म्हणजे कमलाकरांनी, पेपराआडून विचारलं.

मी लक्ष दिलं नाही. खरी अडचण वेगळीच होती. मितालीचं एक लग्न होऊन गेलं होतं.

चार महिने टिकलं. आधी मिताली हसायची ते कढईत लाह्या फुटाव्यात तसं. परत आली ती निवलेल्या चुलीसारखी. दोन वर्षं मी त्या राखेत ठिणगी शोधत होते. ठाण्याच्या देवेशचा फोटो पाहून ती पहिल्यांदा जराशी हसली आणि मला अंगणात फूल सापडल्यासारखं झालं.

"वहिनी, मी त्यांना पत्रात लिहून टाकते ना सगळं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का!" हे कडाडले. "आधी तू त्यांना आवडू दे. मग सावकाश सांगू."

"मग म्हणजे कधी, दादा?"

"मग म्हणजे मग!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पीठ मळत होते. मी आणखी जोरात मळलं.

ब्रेड फुगला, सोन्यासारखा झाला, कापसासारखा कापला गेला. हिरवी चटणी, काकडी, लोणी. कडा काढून चोवीस त्रिकोण! आता मांडायचं कशात? समोरच्या नीताकडे चिनीमातीचा तीन मजली स्टँड होता. तो आणायला गेले.

"कोण येतंय गं एवढं?" नीतानं विचारलं.

"मितालीला बघायला."

"परत?"

एवढा एकच शब्द! पण तो असा खणखणीत, की वाटलं, ही स्टँड परत न्यायच्या निमित्तानं पाहुण्यांसमोर येणार आणि तिथंही हेच विचारणार. "नको, राहू दे, फुटायचा," म्हणून मी रिकाम्या हातानं परतले.

पाहुण्यांची रिक्षा कोपऱ्यावर दिसली, तेव्हा मी माळ्यावरून हाताला लागला तो स्टीलचा मोठा ट्रे ओढला. त्यावर काय कोरलंय ते मला ठाऊक होतं. मितालीच्या लग्नात ह्यांनी असे शंभर ट्रे वाटले होते. लोक नाव कडेला घालतात. ह्यांनी मधोमध घातलं, तेही वेलबुट्टीसकट, कारण आहेर कुणाचा ते दिसायला नको? मी हिशेब केला, चोवीस सँडविच सगळं झाकतील. आणि पाहुणे असतात लाजाळू! एकेक उचलतात, पुरे म्हणतात. आपल्याकडे बघायला आलेल्या माणसानं पोटभर खाल्ल्याचं कुणी ऐकलंय?

देवेश आला, त्याची आई शशिकलाबाई आल्या आणि महादेवमामा आले. मामा मराठीचे मास्तर. घरात शिरता शिरता त्यांनी दारावरची पाटी, कॅलेंडर आणि मिक्सरवरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवली.

मामांनी पहिलं सँडविच तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"हा ब्रेड घरचा?"

"हो," मी लाजले.

"कमाल आहे!" म्हणून त्यांनी आणखी दोन घेतली. शशिकलाबाईंनी दोन, देवेशनं तीन. एका कोपऱ्यात वेलबुट्टी उगवली. तिच्या खाली '१९९१'.

मी लगबगीनं उरलेली सँडविच सरकवली. हे कौतुकानं म्हणाले, "घ्या हो मामा, लाजू नका!"

"नको नको, जड होतील!" मी ओरडले.

आग्रह मोडून काढणारी यजमानीण मामांनी प्रथमच पाहिली असावी. "वहिनी हात आखडता घेताहेत!" ते हसले आणि चौथं उचललं. 'विवाहाप्रीत्यर्थ' उघडं पडलं! मी त्यावर सॉस ओतला.

"अहो, ट्रेवर कशाला ओतताय?"

"बुडवून खायला!"

"वा! नवीन पद्धत दिसते," असं म्हणत मामांनी सँडविच त्या सॉसमध्ये असं फिरवलं, असं फिरवलं, की स्टील आरशासारखं लखलखलं. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावत होते. ह्यांना वाटलं, मी आणखी आग्रह करायला सांगतेय! त्यांनी आग्रह करकरून ट्रे उतरवला आणि शेवटची चार सँडविच स्वतःच्या हातानं पाहुण्यांच्या बशीत वाढली.

ट्रे रिकामा. मामांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मिताली हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ. बारा मे एकोणीसशे एक्क्याण्णव."

देवेशनं बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही त्यानं. मितालीला हळूच विचारलं, "तुम्ही सांगणार होतात का?"

मितालीनं तोंड उघडलं, एवढ्यात हे मध्येच म्हणाले, "तिनंच गळ घातली हो! मी म्हणत होतो, सांगून टाकू. तिलाच नको होतं!"

मिताली माझ्याकडे बघत राहिली. सगळं माझ्यासमोर झालं होतं. माझ्या तोंडात तेव्हा सँडविच नव्हतं, काहीच नव्हतं. तरी मी म्हटलं, "चहा गार होतोय."

मितालीनं ट्रे उचलला, आत नेला आणि घासायला बसली. अक्षरं घासून जात नाहीत. तरी बराच वेळ राखेचा आवाज येत होता.

"लग्न झालं होतं, त्याचं काही नव्हतं," शशिकलाबाई चपला घालता घालता म्हणाल्या. "आमच्या घरात दोन आहेत तशा. पण लपवाछपवी नको वाटते. त्यात मुलीचीच."

'मुलीचीच' ऐकूनही मी उंबऱ्यावर हळदीकुंकवाची कोयरी धरून उभी होते. कुंकू लावलं. या पुन्हा, म्हटलं.

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. योग दिसत नाही, असं दोन ओळींत होतं. खाली तीन ओळींचा ताजा कलम! 'ब्रेड फारच सुरेख होता. मामा अजून नाव काढतात. कृती सविस्तर कळवावी.'

मला असा संताप आला म्हणून सांगू! लगेच कार्ड घेतलं, सुवाच्य अक्षरात अख्खी कृती लिहिली आणि मीठ लिहिलं चार मोठे चमचे. खा म्हटलं!

मितालीनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं. 'चार मोठे' खोडून वर 'एक लहान' लिहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ब्रेडचं तरी खरं सांग."

कार्ड तिनंच पेटीत टाकलं. मामांचा ब्रेड उत्तम जमला, असं कळलं. आता ठाण्यात घरी ब्रेड भाजणाऱ्या दोघी-तिघी आहेत म्हणे. पनवेलात मात्र अजून मी एकटीच!