म्हशीची साक्ष

सोमवारी आमचे शेजारी डोमाजी कोतवाल वारले. गावाला ते मोबाइलवर कळले.

एरवी गावाला बातमी द्यायचे काम डोमाजींचे. सरकारी सूचना डफडे वाजवत गल्लोगल्ली ओरडून सांगायच्या. पण वरून आलेला मजकूर त्यांना नेहमी अपुरा वाटे. पदरचे खरे घातल्याशिवाय ते डफडे खाली ठेवत नसत. "उद्या रेशन मिळन होऽ! दुकानदार म्हणते मिळन, मले भरोसा नाही होऽ!" कोणी रागावले की म्हणत, "काहून? लोकायले मालूम पायजे ना बा!" त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांची चाहूल लागली की आम्ही नवरा-बायको भांडणसुद्धा पुढे ढकलत असू.

एकदा तलावाचा गाळ काढून झाल्याची दवंडी द्यायचा तहसील कार्यालयातून हुकूम आला. मी ओट्यावर वाचत बसलो होतो.

"ऐका होऽ! गाळ निघाला! कागदावर निघाला! बिल बी निघालं! तलावात म्हैस पोटापावतर रुतून राहिली होऽ!"

गाव हसले आणि चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांना गाळाची चिंता नव्हती. तो होता तिथे सुखरूप होता. बिलाची गोष्ट कार्यालयाबाहेर कशी आली, एवढेच त्यांना हवे होते. चावडीसमोर सगळा गाव जमला होता.

"बिलाचं तुला कोणी सांगितलं?"

"म्हशीनं, साहेब."

"नीट नाव सांग. नोकरी वाचेल तुझी."

"तिचं? चंद्री."

डोमाजींची नोकरी गेली. माणूस आधीपासूनच थोडा सरकलेला होता, असे चार शहाण्यांनी ठरवले.

बिलाचे सांगितले होते माझ्या बायकोने. वनिता त्याच कार्यालयात कारकून. चहा देताना तिला राहवले नाही. "भाऊजी, माझं नाव तेवढं घेऊ नका," असे ती म्हणाली होती.

नंतरही डोमाजी रोज संध्याकाळी यायचे. त्यांच्या घरी त्यांचे ऐकायला कोणी नव्हते. वनिताला त्यांच्याकडे पाहवत नसे. ती कप ठेवून आत वळायची.

"वहिनी, चहा फिका होऊन राहिला तुमचा. देऊ का दवंडी?"

ती हसेपर्यंत ते कप उचलत नसत.

वनिता अजून त्याच कार्यालयात नोकरीला आहे.