सूचनेच्या फळ्यावरचा धडा

शांताराम कोयंडे हा माणूस मुळात घाबरट. ही काही चुगली नाही, त्याच्या बायकोचंही हेच मत आहे. कुकरची शिट्टी जरा जोरात झाली तरी याचा हात आधी छातीवर जातो. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणार, आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला पुन्हा परत. लिफ्टमध्ये एकटा चढत नाही (अडकलो तर बोलायला कोण?), आणि दुसरं कोणी असलं तरी चढत नाही (वजन जास्त झालं तर?).

असा माणूस इंग्रजी शिकवायला कसा लागला, तर रिटायर झाला म्हणून. जन्मभर ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप केली आणि सगळ्यांकडून 'ओ कोयंडे' ऐकून घेतलं. घरी बसल्यावर त्याची स्वयंपाकघरातली लुडबुड आशालताला सोसवेना. मनवेलपाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच बायकांना इंग्रजी शिकायचं होतं. तिने त्या गोळा करून खाली पार्किंगमध्ये सतरंजीवर बसवल्या आणि नवऱ्याला त्यांच्यासमोर उभं केलं. दर रविवारी संध्याकाळी क्लास, आणि चहा आशालताचा. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरची पिंकी त्याला 'सर' म्हणाली. शांतारामने मागे वळून पाहिलं, पण मागे फक्त पाण्याचा पंप होता. तेव्हापासून त्याच्या भीत्यांमध्ये एका नव्या भीतीची भर पडली. हा 'सर' आपल्याकडून जाईल, ही.

मागच्या रविवारी त्याने 'कॅन, मे, शुड, मस्ट' यांचे अर्थ सांगितले. पुस्तकातली वाक्यंही दिली, पक्षी उडू शकतात वगैरे. निम्म्या बायका पेंगल्या. तळमजल्यावरच्या बेला आंटी, माहेर सांडोरचं आणि बोलणं रोखठोक, त्या म्हणाल्या की पक्षी उडतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शांताराम आठवडाभर कुढला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाच्या लक्षात काय राहतं? ज्याची भीती वाटते ते. (त्याच्या स्वतःच्या लक्षात तेवढंच राहिलं होतं.)

म्हणून या रविवारी सकाळी, आशालताने सांगितलेली केळी आणायला सांडोरला निघण्याआधी, त्याने संध्याकाळचा धडा फळ्यावर आधीच लिहून ठेवायचं ठरवलं. फळा म्हणजे जिन्याच्या तोंडाशी असलेला सोसायटीचाच. वर ऑइलपेंटने 'सूचना' आणि खाली 'आदेशावरून, सेक्रेटरी'. मधल्या जागेत सेक्रेटरी संग्राम पाण्याच्या नाहीतर पंपाच्या बातम्या खडूने लिहायचा. पण तो गावी गेला होता आणि फळा कोरा होता. शांतारामने वळणदार अक्षरात लिहिलं, 'धिस बिल्डिंग मे फॉल. यू मस्ट लीव्ह युअर हाउसेस टुडे. यू शुड नॉट यूज द लिफ्ट.' शक्यता, सक्ती आणि सल्ला, सगळं एका जागी. चार पावलं मागे जाऊन त्याने ते पाहिलं आणि तो स्वतःवर खूश झाला. वर 'धडा' असा एक शब्द टाकायचं तेवढं राहून गेलं.

सांडोरला त्याच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राची, ॲन्सेल्मची वाडी. तिथे चहा झाला, गप्पा झाल्या, जेवणही झालं. केळीचा घड घेऊन शांताराम उन्हातान्हात परतला तर बिल्डिंगच्या गेटवर माणसांची ही गर्दी. कंपाउंडात गाद्या, बादल्या, मिक्सर, देवघरं. जिन्याच्या वळणावर एक फ्रीज अडकलेला. बेला आंटी घरच्या अल्तारावरची, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातली, मारिया मातेची मूर्ती मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत भर उन्हात रोझरी म्हणत होत्या.

पिंकीचा नवरा जितेश टीव्ही छातीशी धरून उभा होता. त्याने सांगितलं की नोटीस लागली, बिल्डिंग धोकादायक आहे, आजच्या आज खाली करायची.

कोणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं, नोटीस कोणी लावली, कुठे लावली. शांतारामच्या हातातून घडच सुटला. स्लॅबचे पोपडे तो रोज मोजत होता. पलीकडच्या गल्लीतली बिल्डिंग मागच्या पावसाळ्यात अशीच रिकामी करायला लावली होती. तरी मी म्हणत होतो, असं म्हणत तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला, "लिफ्ट वापरू नका."

"तेपण लिहिलंय, सर," पिंकी म्हणाली. एवढ्या भीतीतही त्याला जरा बरं वाटलं.

तो धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेला. आशालता शांतपणे वांगी चिरत होती. त्याने तिला बिल्डिंग पडतेय म्हणून सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, खाली जा आणि फळा वाचा." भीतीने बायकोचं डोकं फिरलं, असं शांतारामला वाटलं. तिला ओढून न्यायचंही त्याच्या मनात आलं, पण हात भिंतीवरच्या घड्याळाकडे गेला. रिटायरमेंटला मिळालेलं ते घड्याळ काखोटीला मारून तो पळाला. बायको वरच राहिली हे त्याला पहिल्या मजल्यावर आठवलं, आणि परत चढायचं धाडस झालं नाही.

खाली सगळे त्याचीच वाट बघत होते. जितेशने त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "सर, आम्हाला अर्धंमुर्धं कळलं. तुम्ही नीट वाचून सांगा."

गर्दी बाजूला झाली. शांतारामने फळा पाहिला.

अक्षर ओळखीचं वाटलं. मग फारच ओळखीचं वाटलं. बिल्डिंग पडणार नाही या आनंदाला त्याच्या मनात जागाच मिळाली नाही, कारण आता तो स्वतः पडणार होता. हे कळलं की संपलं. 'सर' गेला, 'ओ कोयंडे'सुद्धा राहणार नाही. त्याने घाम पुसायच्या मिषाने रुमाल काढला आणि हळूच फळ्याकडे नेला. जितेशने मनगट पकडलं.

"हात नका लावू, सर. पुरावा आहे तो."

मग शांतारामने धडाच पातळ करायला घेतला. 'मे' म्हणजे पडेलच असं नाही, न पडण्याचीही शक्यता असते, तेव्हा एवढं घाबरायचं कारण नाही, असं तो त-त-प-प करत म्हणाला.

"पण सर, पुढे मस्ट आहे," पिंकी रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुम्हीच सांगितलं ना, मस्ट आला की विषय संपला?"

एवढं अचूक उत्तर त्याच्या क्लासात आजवर कोणी दिलं नव्हतं. शांतारामला तिला शाबासकी द्यावीशी वाटली आणि तिथल्या तिथे नाहीसंही व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात संग्रामचा फोन लागला. जितेशने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. मी काहीही लिहिलेलं नाही, संग्राम गरजला, ज्याने लिहिलं त्याला सोडू नका, मी निघालोच. झालं, सगळा नूरच पालटला. हा कोणा बिल्डरचा माणूस असणार, आपल्याला घाबरवून घरं रिकामी करून घ्यायची असणार, असं जितेशने जाहीर केलं. कोणी क्रिकेटची बॅट आणली, कोणी लाटणं. शांतारामच्या शर्टाच्या खिशात सकाळचा खडू तसाच होता. त्यावर हात दाबून तो सगळ्यांबरोबर जोरजोरात मान हलवत होता. असल्या माणसाला सोडताच कामा नये, असंही तो एकदा म्हणाला.

आशालता जिना उतरून आली ती तेव्हा. क्लासात ती नेहमी मागे बसायची, चहा द्यायची, आणि इंग्रजीचा एक शब्द तिच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. तिने बेला आंटींच्या डोक्यावर पदर धरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"यू मस्ट टेल देम. बेला आंटी कॅनॉट सिट इन द सन."

शांतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीने की कौतुकाने हे त्यालाही सांगता आलं नसतं. उन्हाने लाल झालेला बेला आंटींचा चेहरा त्याला आता कुठे दिसला. त्याने खिशातून खडू काढला आणि तो पुढे धरून म्हणाला, "मी लिहिलं. संध्याकाळचा धडा होता."

बॅट हळूच खाली गेली. बेला आंटींनी रोझरी थांबवली आणि म्हणाल्या, "शांताराम, त्यापेक्षा पक्षी बरे होते."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाद्या, बादल्या आणि टीव्ही आपापल्या घरी पोचवायचं काम शांतारामकडे लागलं. तेही जिन्याने, कारण त्या फळ्यानंतर लिफ्टमध्ये चढायला कोणी तयार नव्हतं, आणि तो तर नव्हताच. आशालताला त्याने विचारलं, तुला सकाळीच कळलं होतं तर खाली येऊन सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं अक्षर तुम्ही तरी ओळखाल."

आठवडाभर तो घराबाहेर पडला नाही. पुढच्या रविवारी आशालतानेच त्याला ढकलत खाली नेलं. पार्किंग भरलं होतं. बायकांच्या मागे त्यांचे नवरेही बसले होते, नोटीस आपली आपल्याला वाचता आली पाहिजे म्हणून. फळ्यासमोर मात्र आशालता जाऊन उभी राहिली. शांतारामला तिने मागे, चहाच्या थर्मासपाशी बसायला सांगितलं.

भीतभीतच त्याने फळ्याकडे पाहिलं. 'सूचना' आणि 'आदेशावरून, सेक्रेटरी' यांच्या मध्ये आशालताच्या गोल अक्षरात एक इंग्रजी ओळ होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि लिहितानाही तिने ते टाळलं होतं. 'सर मस्ट नॉट राइट हिअर.'

शांतारामने सवयीने चूक शोधली. एकही नव्हती. 'सर' गेला नाही, टिकला, हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. आणि आता तो जाणारही नव्हता, कारण संग्रामने ती ओळ ऑइलपेंटने पक्की करून घेतली होती.