असं दिसतं

कालिप्पोसला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते झाल्याशिवाय आचारी मासा वाढणार नव्हता.

वाक्य अवघड नव्हतं. "ही माझी मुलगी. वंशाला वारस मिळावेत म्हणून मी ती तुला देतो." अथेन्समधल्या प्रत्येक मुलीच्या बापाने ते साक्षीदारांसमोर आणि नवऱ्या मुलाकडे बघून म्हणायचं असतं. मुलाने "घेतो" म्हटलं की लग्न ठरलं. वाक्य झालं नाही तर लग्न ठरत नाही, आणि तशा घरात झालेल्या मुलांना शहर आपलं मानत नाही.

खोलीत सगळे जागच्या जागी टेकले होते. नवरा मुलगा फिलिनोस होता. त्याचा बाप देमोफोन हा धान्याचा व्यापारी. साक्षीला देमोफोनचा मेहुणा दियोन आला होता. पंच म्हणून न्यायसभेत बसण्याची त्याला भारी हौस होती, आणि घरगुती जेवणातही तो निकालाच्या आशेने बसायचा. पडद्याआड कालिप्पोसची बायको निकारेते आणि मुलगी अर्खिप्पे कान देऊन उभ्या होत्या. परक्या पुरुषांसमोर त्यांनी यायचं नव्हतं.

कालिप्पोस मातीचे दिवे बनवायचा. गेल्या हिवाळ्यात वेशीबाहेरच्या बागेतल्या गुरुजींकडे तो दिवे पोचवायला गेला आणि ऐकत बसला. गुरुजी सांगत होते की, प्रत्येक म्हणण्याच्या विरुद्ध तितक्याच वजनाचं दुसरं म्हणणं उभं करता येतं. म्हणून शहाण्या माणसाने कशाबद्दलच ठाम बोलू नये, 'असं दिसतं' एवढंच म्हणावं, मग मन शांत राहतं. कालिप्पोसला ते पटलं, किंवा पटल्यासारखं दिसलं. पुढे एकदा भट्टी बिघडून सगळे दिवे तडकले, तेव्हा तो नुसता "तडकल्यासारखे दिसतात" म्हणाला आणि जेवायला बसला. एरवी त्या दिवशी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. निकारेतेने मनातल्या मनात गुरुजींचे आभार मानले होते.

"चला व्याहीबुवा," देमोफोनने पेला उचलला. "बोलून टाका."

कालिप्पोस सावरून बसला. "फिलिनोस," तो म्हणाला, "ही माझी मुलगी आहे, असं दिसतं."

देमोफोनचा पेला ओठांपाशी थांबला. "काय म्हणालात?"

"माझी मुलगी आहे असं दिसतं."

"दिसतं म्हणजे? तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"नक्की म्हणाल तर तुमच्या हातात पेला आहे हेही मला माहीत नाही."

"मी पेल्याचा बाप कोण हे विचारत नाहीये."

दियोन पुढे सरकला. "एका माणसाचं नागरिकत्व आम्ही याच मुद्द्यावर काढून घेतलं होतं," तो म्हणाला. "तिथे शंका शेजाऱ्याने काढली होती. इथे खुद्द बापच काढतोय."

पडदा हलला. "अहो," आतून निकारेतेचा आवाज आला, "काय दिसतं म्हणालात?"

"निकारेते, तू आत थांब."

"आतच आहे. आतूनच विचारतेय."

"अगं, यात तुझ्याबद्दल काही नाही. हा ज्ञानाचा प्रश्न आहे."

पडदा बाजूला झाला आणि निकारेते बाहेर आली. दियोनने सभ्यपणे छताकडे पाहिलं, कान मात्र तिच्याकडेच ठेवले.

"ही जन्मली तेव्हा मुलगी झाली म्हणून दारावर लोकर कुणी टांगली होती?"

"मी टांगल्याचं आठवतं," कालिप्पोस म्हणाला. "पण आठवण फसवू शकते."

"कुणासाठी टांगली होती मग? मेंढीसाठी?"

दारात आचारी डोकावला. "मासा आणू का? रस्सा आटायला लागलाय."

"थांब," दोघंतिघं एकदम म्हणाले. आचारी तोंड वाकडं करून गेला.

बायकोवर आळ घ्यायचा कालिप्पोसचा मुळीच विचार नव्हता, आणि हे नीट समजावलं की सगळं सुरळीत होईल असं त्याला दिसत होतं. "मी शंका घेतच नाहीये," तो म्हणाला. "शंका घेणं म्हणजेसुद्धा एक मत धरणं झालं. ती माझी नाही असं मी म्हणत नाही."

"आभारी आहे," निकारेते म्हणाली.

"ती माझी आहे आणि ती माझी नाही, ही दोन्ही पारडी माझ्यापुरती समान आहेत."

"समान?" निकारेते, देमोफोन आणि दियोन एका सुरात म्हणाले.

देमोफोन उठला आणि वहाणा शोधू लागला. फिलिनोसने गेल्या वर्षी देवीच्या मिरवणुकीत डोक्यावर करंडी घेतलेली अर्खिप्पे पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. बापाची एक वहाण त्याने हळूच पायाने बाकाखाली सरकवली.

"बाबा, एक विचारू?" पडद्याआडून अर्खिप्पे म्हणाली.

"आता तू कशाला?" निकारेते म्हणाली.

"विचारू दे तिला," कालिप्पोस म्हणाला. त्याला कुणीही चाललं असतं.

"उद्या सकाळी भट्टी पेटवणार ना तुम्ही?"

"पेटवेन असं दिसतं."

"ती तापेल याची खात्री आहे?"

"खात्री कशी असेल? पण तशी रीत आहे."

"गुरुजींनी रीत सोडा असं सांगितलंय का?"

"छे. ते म्हणतात, शहराची रीत पाळावी, तिच्याबद्दल मत तेवढं बनवू नये."

"मग हे वाक्य बोलणं ही शहराची रीतच आहे. तुम्ही बोला आणि मत बनवू नका."

कालिप्पोसचा चेहरा उजळला. यात त्याला कुठे फट सापडेना.

"थांबा," देमोफोन एका पायात वहाण घालून म्हणाला. "म्हणजे हा तोंडाने म्हणणार आणि मनातून मानणार नाही? असलं बोलणं मला चालायचं नाही."

"काका," पडदा म्हणाला, "गिऱ्हाइकाला तुम्ही 'गहू अगदी नवा आहे' म्हणता, तेव्हा मनातून मानता?"

दियोनला ठसका लागला. देमोफोनने पडद्याकडे पाहिलं, मग कालिप्पोसकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"ही याचीच मुलगी आहे," तो सावकाश म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

"मान्य," दियोन म्हणाला. त्याच्या मते निकाल लागला होता.

"झालं समाधान?" निकारेतेने विचारलं.

"वहिनी, तुमची माफी मागतो. पण आता माझी अडचण वेगळीच आहे." देमोफोन दुसरी वहाण शोधायला वाकला. "ही माझ्या घरी येणार. रोज असणार. मी साधी सून बघायला आलो होतो. लोकर कातणारी, भाकरी भाजणारी. हे असलं कोण सांभाळणार? आम्ही निघतो."

कालिप्पोस उठून उभा राहिला. तडकलेल्या दिव्यांच्या दिवशी जो राग यायला हवा होता, तो आत्ता आला.

"देमोफोन, तुझ्या सात पिढ्यांत असली सून आलेली नाही. ती काय सांभाळून घ्यायची वस्तू आहे? घर सांभाळेल ती तुझं. माझी मुलगी आहे ती."

वाक्याच्या शेवटी काही यायचं राहिलंय का, म्हणून सगळे थांबले होते. काही आलं नाही.

"तसेच राहा," निकारेते हलक्या आवाजात म्हणाली. "फक्त मान फिलिनोसकडे वळवा. आणि बोला."

"ही माझी मुलगी," कालिप्पोस फिलिनोसवर जवळजवळ ओरडलाच. "वंशाला वारस मिळावेत म्हणून मी ती तुला..."

"घेतो," फिलिनोस म्हणाला.

"देतो."

"ऐकलं," दियोन म्हणाला.

देमोफोन बाकाखाली हात घालून तसाच वाकलेला राहिला. मुलीच्या बापाने दिलं होतं, आपल्या मुलाने घेतलं होतं, आणि आपलाच मेहुणा साक्षीदार होता. तो सरळ झाला आणि पायातली वहाणही त्याने काढून ठेवली.

कालिप्पोस मटकन खाली बसला. एका हिवाळ्याची साधना गेली होती. आचाऱ्याने मासा आणला. रस्सा पार आटला होता.

दिवेलागणीला देमोफोन घरी पोचला. दारात त्याची बायको दिवा घेऊन वाट बघत होती.

"मुलगी कुणावर गेलीय?"

"बापावर. त्यात काही प्रश्न नाही."

"आणि लग्न? ठरलं ना?"

देमोफोन उंबऱ्यावर बसला. दुपारपासून काय काय झालं ते त्याने मनात एकापुढे एक मांडून पाहिलं.

"ठरलं," तो म्हणाला, "असं दिसतं."

बायकोने दिवा त्याच्या तोंडाजवळ आणला. "दिसतं म्हणजे?"