अप्पांचं जित्राब

आमच्या ऑफिसातले सोनाजी अप्पा मोबाईल चार्जिंगला लावत नसत, चरायला सोडत. "ताई, जित्राब सकाळधरनं उपाशी हाय," म्हणत माझ्या टेबलाखालच्या प्लगशी वाकत आणि मोबाईल वाजला की खूश होत. "लागलं खायाला!"

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. मुकुंदवाडीच्या पुढे रोज नवी इमारत उठत होती आणि खेड्यांतल्या विहिरींनी तळ दाखवला होता. आमचा कंत्राटदार गावोगाव पाण्याचे टँकर पाठवायचा, अप्पा त्यांच्यावर सुपरवायझर. टँकर गावात रिकामा झाला की फोटो काढून पाठवायचा, त्यासाठी त्यांना ऑफिसचा मोबाईल मिळालेला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं. त्यामुळे मोबाईल हातात पडताच अप्पांनी त्याच्या पाठीवर गेरूचा ठिपका मारला, कळपातल्या मेंढीला मारतात तसा. दोरी ओवून ती सदऱ्याच्या काजाला बांधली. कुणी मोबाईल पालथा ठेवला तर ओरडत, "दम कोंडंल त्याचा!"

अशा माणसाचा मोबाईल चोरीला गेला.

"गेला ताई," अप्पा फरशीकडे बघत म्हणाले.

"दोरीसकट?"

अप्पांनी सदऱ्याचं रिकामं काज चाचपलं.

हरवलेल्या मोबाईलचा बंदोबस्त माझ्याकडे असे. कॉम्प्युटरवर तो कुठे आहे ते दिसायचं. इथूनच त्याला कुलूप लावायचं, स्क्रीनवर सूचना झळकवायची, मोठ्यानं घंटा वाजवायची. तरी मिळाला नाही, तर आतलं सगळं पुसून टाकायचं. मी नकाशा उघडला. पिशोरच्या पुढे, रस्ता सोडून, भर रानात एक निळा ठिपका हळूहळू सरकत होता.

"पुसू नका," अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. "कुलूपबी नको. नुस्तं कुठं हाय तेवढं सांगत ऱ्हावा."

दुपारपर्यंत ते हलले नाहीत. डबाही उघडला नाही. ठिपका थांबला की म्हणत, "तिथं हीर हाय. पाणी घावलं वाटतं."

"चोर भलताच निवांत आहे," मी म्हटलं.

"चोर म्हणू नका ओ!" अप्पा एकदम तडकले आणि लगेच ओशाळले.

तेवढ्यात मालकांचा फोन आला: अजून कुलूप का नाही? मी नियमाप्रमाणे बटणं दाबली. तयार सूचना गेली, 'हा मोबाईल चोरीचा आहे, ऑफिसात आणून द्या,' खाली ऑफिसचा पत्ता, आणि घंटाही सुरू झाली.

अप्पा ताडकन उठले. "बंद करा ताई! मेंढरं बुजतील!"

"कुठली मेंढरं?"

अप्पा परत खुर्चीवर टेकले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मेंढरं त्यांच्या थोरल्या भावाची. अप्पांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकून शहरात खोली घेतली, तेव्हापासून भावानं बोलणं टाकलेलं. यंदा चारा नाही, भाऊ कुठे भटकतोय काही पत्ता नाही. परवा टँकर घेऊन गेले तर त्याचं बिऱ्हाड पिशोरजवळ दिसलं. भाऊ पाण्यावर गेलेला. अप्पांनी गुपचूप मोबाईल त्याच्या घोड्यावरच्या पडशीत सरकवला.

"बोलायला तोंड नाय माझं," ते म्हणाले. "त्यो कुठं हाय येवढं कळलं तर घास तरी उतरंल माझ्या घशाखाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात तो मोबाईल. त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला, सुलटा.

"सुनंनं वाचून दाखविलं," तो म्हणाला. "पडशीत कसा आला, ठावं नाय. पर आमी चोर नाय, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात माठाआड अप्पा उभे होते. मागच्या दारानं सहज निघून जाता आलं असतं. ते पुढे आले. मान इतकी खाली, की टोपी पडेल असं वाटलं.

"दादा, म्याच ठिवला त्यो. चोर म्या हाय."

भाऊ दोन पावलं त्यांच्याकडे आला. मला वाटलं, आता हात उगारतो.

"घंटी वाजली अन् समदी बुजली," तो म्हणाला. "दोन मेंढ्या अजून घावल्या नायत. चल, हुडकाया."

अप्पा तसेच निघाले, माझ्याकडे न बघता. मला त्यांच्या मागे धावत जाऊन माफी मागायची होती, पण पाय उचलला नाही. खिडकीतून पाहिलं, तर ते दोघे फाटकाबाहेर पोचले होते. भाऊ तरातरा पुढे गेला, मग थांबला आणि अप्पा जवळ येईपर्यंत उन्हात उभा राहिला.