गुप्तदानाची नाणी

पालेगावच्या गिरीकुंज सोसायटीतल्या गणपतीची दानपेटी उघडली आणि चिल्लरीत पाच परदेशी नाणी निघाली. मधे सोनेरी, कडेला चंदेरी. सेक्रेटरी मालिनीताईंनी मोबाईलवर शोधलं, तर थायलंडची. किंमत काही फार नव्हती, पण ती पाहतो कोण? संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'परदेशी गुप्तदान' गाजलं आणि वर्धापनदिनाच्या पूजेला त्या दात्यालाच बसवायचं ठरलं.

या मानासाठी विष्णुपंत चार वर्षं झुरत होते. कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ अजून पार्किंगमध्येही ऑफिसरसारखाच चालायचा. दानपेटीकडे मात्र त्यांचा हात कधी वळला नव्हता.

सभेत ते घसा खाकरून उठले. "सांगणार नव्हतो. गुप्तदान ना ते! पण आता विषय निघालाच आहे तर... नाणी आमचीच."

शेजारी त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई दचकल्या. "अहो, खाली बसा!"

"संकोची आहे ही. आमचा अनीश बँकॉकला गेला होता ना, कॉन्फरन्सला. त्यानं आणलेली. म्हटलं, बाप्पाच्या पायाशी जाऊ देत."

"पण काका, तुम्हाला पेटीपाशी कुणी कधी बघितलं नाही," मालिनीताई म्हणाल्या. "प्रूफ काय?"

"देवाच्या कामात प्रूफ?" विष्णुपंत लालेलाल झाले. कामगार तापानं फणफणला तरी मेडिकल सर्टिफिकेट मागणारा माणूस हा!

इतक्यात चहा वाटणाऱ्या बनूबाई पुढे आल्या. विष्णुपंतांकडे त्या आठ वर्षं धुणीभांडी करत होत्या. "साहेब खरा बोलतान. नाणी त्यांचीच हायेत."

विष्णुपंतांची छाती फुगली. "मोठ्यानं सांगा, बनूबाई!"

"दिवालीला बाईंनी मना बक्षीस दिलीत. फॉरेनची हायेत, बोलल्या. किराणावाला घेईना, रिक्षावाला त अंगावर आला. कॅम्प एकच्या बाजारात पैसं बदलनाऱ्या शेठकडं नेली, तो बोलला, 'माई, ये इधर नहीं चलेगा.' मंग टाकली पेटीत. देव तरी नाय बोलनार नाय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. विष्णुपंतांनी बायकोकडे रागानं पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, रोख कशाला, घरातलं काहीतरी दे."

पूजेला बनूबाई बसल्या. नव्या साडीत, अगदी पुढे. विष्णुपंतांनी आरतीच्या ताटात पाचशेची नोट टाकली, सगळ्यांना दिसेल अशी उलगडून. बनूबाईंनी ती उचलली आणि उजेडात धरली.

"ही तरी हितलीच हाय ना, साहेब?"